वेणीला क्रमांक नाही

"सुनावणीत कॉम्प्युटरच्या पडद्यावर माणसाच्या पाठीमागे काय आहे ते बघत बसायचं नाही," असं मुद्देसाहेबांनी मला पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं. "भिंत बघाल, मग भिंतीवरचा डाग बघाल, मग त्या डागाचं वाईट वाटायला लागेल. आपण दावा बघायचा."

मी हसले होते. म्हटलं, "सर, बायकांना खोलीत शिरल्याबरोबर कोपऱ्यातलं जळमट दिसतं. त्याला कोण काय करणार?"

"झाडू घेऊन या मग," असं म्हणून ते चष्मा पुसायला लागले.

मुद्देसाहेब म्हणजे आमच्या पेटंट कार्यालयातले माझे वरिष्ठ. त्यांचं खरं नाव वेगळं आहे, पण कुणी जरा पाल्हाळ लावलं की ते "मुद्द्याचं बोला" म्हणतात, त्यावरून हे पडलं. आणि मी परीक्षक. कुणी काही नवीन बनवलं आणि त्यावर हक्क मागितला, की ते खरंच नवीन आहे का, जगात आधी कुणी केलंय का, आणि जे मागितलंय ते शब्दांत नेमकं बसवलंय का, हे बघायचं माझं काम. त्या मागणीला आमच्यात दावा म्हणतात. दाव्यातला एक शब्द सैल राहिला तर अख्खा शोध त्यातून गळून जातो, म्हणून आम्ही शब्दांना चिमटीत धरून उजेडात बघतो. माझ्याकडे भिंगं, दुर्बिणी, सूक्ष्मदर्शक आणि ते ज्यावर उभे राहतात ते टेकू येतात.

बाळंतपणाची रजा संपवून मी परत कामावर आले तेव्हा माझी मुलगी अजून रांगतही नव्हती. काही दिवस ऑफिसात, काही दिवस घरून, असं ठरलं होतं. घरी असले की दर थोड्या वेळाने उठून तिच्या नाकाखाली बोट धरून बघायचे. नवरा म्हणायचा, "अगं, झोपलेल्या पोरीची तरी परीक्षा घेऊ नकोस. पास आहे ती." मी हो म्हणायचे आणि पुन्हा उठायचे. सासूबाई पाळणाच माझ्या टेबलाच्या आणखी थोडा जवळ सरकवून ठेवत.

त्याच दिवसांत तो अर्ज माझ्या रांगेत आला. "अचूक दृक्उपकरणांसाठी फिरता टेकू." अर्जदार दुर्बिणी, कॅमेरे आणि चष्मे दुरुस्त करणारा एक माणूस, आमच्याहून बऱ्याच लांबच्या शहरातला. वकील नाही, सल्लागार नाही, सगळं स्वतः लिहिलेलं. शोधक म्हणून मात्र दोन नावं होती. पहिलं मुलीचं, दुसरं बापाचं. मुलीचं वय नऊ. अर्ज लवकर तपासावा अशी विनंती जोडली होती आणि कारणाच्या रकान्यात एवढंच होतं: "पहिल्या शोधकाकडे वेळ कमी आहे. तिला तिचं नाव पेटंटवर वाचता यावं."

आमच्या नियमांत अर्ज पुढे घेण्याची कारणं छापलेली आहेत. हे त्यांत नव्हतं. पण माझ्या रांगेतली कुठली फाईल आधी उघडायची, हे थोडंफार माझ्या हातात असतं. मी ती उघडली.

टेकू काय होता ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. साधी दुर्बीण स्टँडवर फिरवली की तिचं पुढचं टोक डावीकडे जातं आणि डोळ्याकडचं टोक उजवीकडे. आपल्या ते लक्षातही येत नाही, कारण डोळ्यामागे आपण मान नेतो. या मुलीची मान हलत नव्हती. अंगातली ताकद हळूहळू काढून घेणारा आजार होता, एका कुशीवर पडून राहायची, उजव्या हाताची दोन बोटं तेवढी चालायची. तिच्या बापाने अर्धवर्तुळाच्या दोन पट्ट्या केल्या, एक उभी, एक आडवी, आणि दोन्हींचं केंद्र पट्टीवर कुठेच न ठेवता तिच्या डोळ्यात ठेवलं. दुर्बीण त्या पट्ट्यांवरून कशीही सरकली तरी मागचं भिंग तिच्या डोळ्यासमोरून हलत नाही. बारीक पोलादी गोळ्या, त्यांना मागून दाबणाऱ्या स्प्रिंगा, दोन बोटांच्या जोराने फिरेल इतकी हलकी आणि सोडली की जागच्या जागी थांबेल इतकी घट्ट चाल. वर्णनात त्याने लिहिलं होतं, "कल्पना मुलीची. ती म्हणाली, बाबा, मला वळता येत नाही तर जगालाच वळवा की."

हे वाक्य तांत्रिक वर्णनात चालत नाही. मी त्याखाली रेघ मारली नाही, एवढंच.

आक्षेप मात्र काढावे लागले. आरशांनी प्रतिमा वळवून डोळ्याकडचं भिंग स्थिर ठेवणारे जुने टेकू होते. त्यांच्यापेक्षा हा वेगळा होता, पण वेगळेपण सगळं त्या केंद्रात होतं आणि ते केंद्र त्याने दाव्यात असं लिहिलं होतं: "फिरण्याचा अक्ष मुलीच्या उजव्या डोळ्यातून जातो." यंत्राचं माप माणसाच्या शरीरावरून देता येत नाही. उद्या दुसऱ्या कुणी तो टेकू केला तर कुणाचा डोळा धरायचा? मी लिहिलं, "मुलगी हा उपकरणाचा भाग नाही. सबब दावा अस्पष्ट आहे."

आकृतीतही एक गोष्ट निघाली. उशीवर टेकलेलं डोकं त्याने तुटक रेघेने दाखवलं होतं आणि त्या डोक्याला वेणी काढली होती. अगदी पेडांसकट, शेवटी गाठ. आकृतीतल्या प्रत्येक भागाला क्रमांक लागतो. मी लिहिलं, "आकृती दोनमधील वेणीला क्रमांक नाही."

नवऱ्याने खांद्यावरून वाकून वाचलं आणि खो खो हसला. "काय भाषा गं तुमची! ही वाक्यं पगारी माणसं लिहितात?"

मलाही हसू आलं. तेव्हा आलं.

उत्तर आठवडाभरात आलं. आकृतीत वेणीला चौदा क्रमांक मिळाला होता आणि भागांच्या यादीत "१४: वेणी" असं लिहिलं होतं. दाव्याच्या आक्षेपावर त्याचं एकच वाक्य होतं: "मुलगी उपकरणाचा भाग नाही हे मान्य, पण उपकरण मुलीचा भाग झालं आहे, तर काय करावे?"

मुद्देसाहेबांनी ते वाचून कागद खाली ठेवला. "हे कागदावर सुटायचं नाही. सुनावणी लावा."

सुनावणी म्हणजे पडद्यावरची भेट. एका बाजूला आम्ही दोघं, दुसऱ्या बाजूला अर्जदार. चष्मेवाले (ऑफिसात आम्ही त्यांना असंच म्हणायला लागलो होतो) खूप उंच होते. स्टुलावर बसले होते तरी डोकं चौकटीबाहेर जात होतं, मग त्यांनी कॅमेरा वाकडा केला आणि त्यांच्या पाठीमागे पलंग दिसला. पलंगावर कमानीसारख्या त्या दोन पट्ट्या, त्यांवर काळी छोटी दुर्बीण, तिच्यामागे उशी आणि उशीवर मुलगी. मी बघायचं नाही असं ठरवलं होतं. बघितलं. वेणी एका बाजूला कललेली, कानाजवळ केस सुटलेले. बापाने घातलेली वेणी होती ती, कुणीही सांगितलं असतं. आकृतीत मात्र सरळ काढली होती.

ते अगदी हळू बोलत होते आणि प्रत्येक वाक्य संपलं की मागे वळून बघत होते.

"दुर्बिणीला प्ले अजिबात नाही, साहेब. केसाएवढा ढिलेपणा इथे राहिला तर समोर एक मजला चुकतो."

"बाबा, प्ले नाही काय म्हणता?" मागून बारीक, थांबत थांबत आवाज आला. "मी दिवसभर खेळतेच आहे."

"तो प्ले वेगळा, मुकादम."

मुकादम हे तिचं घरातलं नाव. समोर मोठी इमारत उठत होती, तिच्यावर एक उंच क्रेन होती, तिला ती जिराफ म्हणायची. जिराफ चालवणारा शिडी चढून वर केव्हा जातो, डबा केव्हा उघडतो, कोण कामचुकारपणा करतो, सगळा हिशेब तिच्याकडे. म्हणून मुकादम.

"परीक्षा घेणाऱ्या बाई तुम्हीच का?" तिने विचारलं.

"हो, मीच."

"मग पेपर जरा सोपा काढा. बाबांचं शुद्धलेखन कच्चं आहे."

मुद्देसाहेब खाकरले. "आपण मुद्द्यावर येऊ," ते म्हणाले, पण नेहमीपेक्षा मऊ. "दाव्यातून डोळा काढावा लागेल. मागच्या भिंगापासून अमुक अंतरावरचा एक बिंदू, असं लिहा. अक्ष त्या बिंदूतून जातो. बाकी तुमचा टेकू नवीन आहे, आम्हाला मान्य आहे. एवढं केलंत की झालं."

"नुसता बिंदू?"

"रिकामा बिंदू. म्हणजे जिथे उपकरणाचा कोणताही भाग नाही, असा. जुन्या सगळ्या टेकूंमध्ये केंद्राच्या जागी खिळा आहे, दांडा आहे, आरसा आहे. तुमच्यात तिथे काहीच नाही. तीच तर तुमची खुबी आहे. तो शब्द हवाच."

चष्मेवाल्यांनी मागे बघितलं, मग आमच्याकडे. "साहेब, पण तिथे रिकामं नाहीये ना."

"उपकरणाच्या दृष्टीने आहे."

"उपकरणाच्या दृष्टीने असेल. मला रोज दिसतंय की तिथे ती आहे. आता तुम्हालाही दिसतेय. मी माझ्या हाताने कसं लिहू, तिथे काही नाही म्हणून?"

मी म्हटलं, "दादा, हा फक्त कागदावरचा शब्द आहे. तो घातलात की आम्ही लगेच मंजुरीला पाठवू. तिला नाव वाचायचंय ना?"

"लिहून टाका ना, बाबा," मुलगी म्हणाली. "मी आहे हे त्यांना दिसतंय की." मग थोड्या वेळाने, दम घेऊन, "वेणीचा नंबर तेवढा काढू नका."

"विचार करतो," ते म्हणाले. "विचार करून पाठवतो."

उत्तर द्यायला काही महिन्यांची मुदत असते. मला वाटलं, दोन दिवसांत येईल. एका शब्दाचं काम. आठवडा गेला, महिना गेला. मी सकाळी ऑफिसात शिरले की आधी टपालाच्या टेबलावरच्या ताईंना विचारायचे, "चष्मेवाल्यांचं काही?" त्या मान हलवायच्या. आम्हाला अर्जदाराला फोन करून घाई कर म्हणता येत नाही. कार्यालयाच्या नावे एक स्मरणपत्र पाठवता येतं, ते मी पाठवलं: उत्तर लवकर मिळाल्यास निर्णय लवकर देणे शक्य होईल. त्यावर काही आलं नाही.

घरी माझी मुलगी बसायला लागली. मी दारातून आत आले की मान गर्रकन वळवून बघायची, इतकी की तोल जाऊन पडायची. सासूबाई म्हणायच्या, "आई आली की हिच्या मानेला चक्र लागतं." सगळे हसायचे. मला ते वळणं बघवायचं नाही, आणि बघितल्याशिवाय राहवायचं नाही.

मुदत संपत आली तेव्हा उत्तर आलं. मी उभ्याउभ्याच उघडलं. दावा स्वच्छ होता, कुठेही खोड काढायला जागा नाही. "फिरण्याचा अक्ष मागील भिंगापासून पाच सेंटीमीटर अंतरावरील रिकाम्या बिंदूतून जातो, त्या बिंदूपाशी उपकरणाचा अथवा अन्य कशाचाही कोणताही भाग नाही."

त्या दिवशी मी घरी गुणगुणत पोळ्या लाटल्या. नवऱ्याने विचारलं, "आज स्वारी खुशीत?"

"चष्मेवाल्यांना कळलं एकदाचं. काय सुरेख लिहिलंय! 'अथवा अन्य कशाचाही' हे तर मी सुचवलंही नव्हतं. दावा आणखी पक्का झाला त्याने."

हे मी बोलले. मोठ्याने, पीठ लागलेल्या हाताने. आमचं काम करणाऱ्यालाच अशा वाक्याचा आनंद होऊ शकतो.

आकृतीही नव्याने काढली होती. तुटक रेघेचं डोकं काढून टाकलं होतं, वेणी काढून टाकली होती. तिथे बारीक फुली होती. भागांचे क्रमांक तेरावरून एकदम पंधरावर गेले होते. चौदा गाळलाय, हे मला दिसलं. नजरचूक असेल, असं मी धरलं. मंजुरीआधीची शेवटची छोटी सुनावणी होती, तेव्हा विचारून घेऊ.

दुसऱ्या सुनावणीला पडदा उघडला आणि पहिल्यांदा उजेड आला डोळ्यांवर. मागची खिडकी पूर्ण दिसत होती. गेल्या वेळी तिच्यापुढे उशा रचलेल्या होत्या. खिडकीतून जिराफ दिसत होता, काहीतरी उचलून हळूहळू वळत होता. पलंगावरची गादी गुंडाळून एका टोकाला ठेवलेली. कमानी मात्र तशाच होत्या, त्याच उंचीवर, दुर्बीण त्यांवर. चष्मेवाले दाराकडून आले आणि स्टुलावर बसण्यासाठी त्या कमानीखालून वाकून आले. बाजूने यायला भरपूर जागा होती. टेकू बाजूला करायला एक मिनिट लागलं नसतं.

ते बोलायला लागले. आवाज साधा, मोकळा होता, हळू बोलण्याची आता गरज नव्हती. आणि एकदाही त्यांनी मागे वळून बघितलं नाही.

मला तेव्हाच कळलं. मुद्देसाहेबांना कळलं की नाही, मला दिसेना, ते कागदात बघत होते.

"दावा मान्य आहे," ते म्हणाले. "जुन्या टेकूंपासूनचा फरक स्पष्ट झाला आहे. आकृतीत एक क्रमांक..."

"राहू दे, सर," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "बरं. राहू दे."

उरला होता तो ठरलेला प्रश्न. मंजुरीआधी शोधकांची नावं आणि पत्ते तोंडी पक्के करून घ्यावे लागतात, तो परीक्षकाने विचारायचा असतो. मी शब्द जुळवत राहिले. दुसरे शब्द सापडले नाहीत.

"शोधकांच्या नावांत किंवा... पत्त्यांत काही बदल आहे का?"

खिडकीतला जिराफ थांबला होता.

"नाव तेच," ते म्हणाले. "पहिलं तिचंच ठेवायचं. तसं ठेवता येतं ना? म्हणजे आता..."

"येतं. शोधक कायम शोधकच असतो."

"पत्ता..." त्यांनी हाताने गुडघा चोळला. "विचारावाच लागतो का, ताई?"

"हो, दादा."

"मग तोच लिहा. दुसरा मला माहीत नाही."

मी लिहिलं. अक्षर मला दिसत नव्हतं, पण लिहिलं.

"मी तेव्हाच लिहायला हवं होतं," ते म्हणाले, कुणाकडेच न बघता. "रोज कागद घेऊन बसायचो. ती म्हणायची, बाबा, लिहा ना, एक शब्द तर आहे. मी 'रि' लिहायचो आणि समोर बघायचो, तर ती दुर्बिणीला डोळा लावून पडलेली. म्हणायची, झालं का? मी म्हणायचो, उद्या. तिला नाव वाचायला मिळालं असतं. माझा हातच होईना हो. आणि मग एक दिवस लिहिलं, तर लगेच झालं. काही अडलंच नाही. वर 'अन्य कशाचाही' तेही मीच घातलं."

मुद्देसाहेबांनी चष्मा काढला. मला वाटलं, आता म्हणतील मुद्द्याचं बोला. ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, "मुद्दा पुरेसा स्पष्ट आहे. कार्यालयाला आणखी काही विचारायचं नाही. तुम्ही... जेवलात का आज?"

"जेवतो," चष्मेवाले म्हणाले. उठले, वाकून कमानीखालून गेले आणि पडदा बंद करायचं त्यांच्या लक्षात राहिलं नाही. आम्ही दोघं त्या खोलीकडे बघत बसलो. खिडकीबाहेर जिराफ पुन्हा वळायला लागला. शेवटी मुद्देसाहेबांनीच बटण दाबलं.

पेटंट मंजूर झालं. मुलीचं नाव पहिलं, पूर्ण, कुठेही शुद्धलेखनाची चूक नाही. मी आधी स्वतः वाचलं, मग नवऱ्याकडून, मग सासूबाईंकडून वाचून घेतलं. सासूबाईंनी नावावरून बोट फिरवलं आणि उठून नातीला मांडीवर घेतलं. 

प्रमाणपत्र टपालाने पाठवलं आणि ते परत आलं. पाकिटावर टपालवाल्याचा शेरा होता: घर सोडून गेले, नवा पत्ता नाही. ताईंनी कार्यालयातून फोन करून बघितला. मग मी माझ्या फोनवरून केला, नियमात नसताना. वाजत राहिला, नंतर वाजायचाही बंद झाला. खाली त्यांच्या इमारतीत कुणी दुकानदार असेल म्हणून त्याचा नंबर शोधला. दुकानदार म्हणाला, "ते उंच? हो, गेले की. सामानसुमान काहीच नेलं नाही, फक्त त्या वाकड्या पट्ट्या गोधडीत गुंडाळून खांद्यावर घेतल्या. कुठे जाताय विचारलं तर म्हणाले, बघू."

मी पाकीट घेऊन मुद्देसाहेबांकडे गेले. "सर, आता?"

"आता ते कपाटात. खात्याचं काम संपलं."

"आणि माणसाचं?"

"मी तुम्हाला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, पाठीमागे बघू नका म्हणून."

"तुम्ही नाही बघितलंत?"

ते खिडकीकडे वळून उभे राहिले. "पलंगाच्या बाजूच्या भिंतीवर पेन्सिलीच्या खुणा होत्या," ते म्हणाले. "मुलांची उंची मोजून आपण भिंतीवर खूण करतो ना, खालून वर एकेक. तिथे त्या आडव्या होत्या. डावीकडून उजवीकडे. झोपवूनच मोजायचा तो पोरीला. शेवटच्या दोन खुणा अगदी जवळजवळ होत्या." मग कपाटाची किल्ली माझ्याकडे न बघता खिशात टाकली. "पाकीट तुमच्याकडेच राहू द्या. मी ते कपाटात ठेवलं असं समजेन."

ते माझ्या टेबलाच्या खणात आहे. मुलगी आता चालायला लागली आहे. खण उघडला की पाकीट ओढते, मी तिच्या हातातून सोडवून परत ठेवते. ती खणाकडे मान वळवून बघत राहते. मी आता तिच्या नाकाखाली बोट धरत नाही. म्हणजे कमी धरते.

शोधक म्हणजे शोधणारा, आणि इथे शोधकच सापडत नाही. मी त्यांचं नाव इथे लिहू शकत नाही, तो माझा अधिकार नाही. पण तुम्ही माझ्याहून जास्त रस्त्यांवरून जाता. तुमच्या गल्लीत, बाजारात, एखाद्या जिन्याखाली चष्मे आणि कॅमेरे दुरुस्त करणारा एक फार उंच माणूस नव्याने बसायला लागला असेल. ओळखायची खूण सांगते. तो बसताना आणि उठताना मान खाली घालून वाकतो, जणू वर काहीतरी आहे आणि त्याला धक्का लागता कामा नये. वर बघाल तर तिथे काही नसेल.

दिसला तर एवढं करा. चष्म्याचा स्क्रू सैल झालाय म्हणून त्याच्याजवळ बसा, नसला झाला तरी. माझं नाव सांगू नका, पेटंटचं लगेच काढू नका. आधी विचारा, जेवलात का. तो "जेवतो" म्हणेल. त्यावर उठून जाऊ नका. तो जेवेपर्यंत थांबा.